अडल्याची वही: खेड्यात दवाखाना चालवताना शिकत कसं राहायचं

२००५ चा जुलै. पांढरकवड्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत असलेल्या गावात मला दवाखाना टाकून दोन वर्षं झाली होती. पहाटे साडेपाचला एक बाई अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. "मॅडम, पोरीचं पोट लय दुखून रायलं. रातच्याला तर चांगली जेवली." एक उलटी झालेली, ताप नाही, पोट मऊ. मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवून ठेवलं. पाऊण तासाने आई आत आली, "मॅडम, तिले डोये उघडता येऊन नाई रायले."

तेव्हा मी विचारलं की ती रात्री कुठे झोपली होती. खाली, जमिनीवर. अंगावर दाताची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यार चावला होता. त्याचे दात बारीक, चावा न दुखणारा, माणूस झोपेत असतो आणि पहाटे पोटदुखीने उठतो. हे सगळं मी एमबीबीएसला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण पुस्तकात ते 'सर्पदंश' या मथळ्याखाली होतं आणि माझ्यासमोर ते 'पोटदुखी' म्हणून आलं. जीपमध्ये मी तिच्या उशाशी बसून, हाताने श्वास देण्याची अँबू बॅग दाबत जिल्ह्याच्या गावाला गेले. सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहून ती वाचली. आज ती दोन लेकरांची आई आहे.

परत आल्यावर मी शाळेच्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही आणली. तिला मी 'अडल्याची वही' म्हणते. आता सहावी वही चालू आहे. खेड्यात नवा दवाखाना टाकणारे डॉक्टर मला विचारतात, "मॅडम, इथे राहून अपडेट कसं राहायचं? सीएमई तर सगळ्या नागपूरला." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचे कार्यक्रम, हा या कामाचा शेवटचा भाग आहे. सुरुवात वहीपासून करा.

वही कशी लिहायची

एका पेशंटला फार तर पाच ओळी. वय आणि स्त्री की पुरुष एवढंच. नाव, गाव लिहायचं नाही, कारण वही कोणाच्याही हाती पडू शकते. मग काय झालं ते दोन ओळींत. त्याखाली मला काय माहीत नव्हतं, ते एका प्रश्नात. खाली जागा रिकामी सोडायची. उत्तर सापडलं की तिथे लिहायचं, कुठून मिळालं आणि कोणत्या तारखेला तेही.

सगळी मेख प्रश्नात आहे. 'सर्पदंशाबद्दल वाचायचं आहे' हा प्रश्न नाही, तो कधीच वाचला जात नाही. 'पहाटेची पोटदुखी, खूण नाही, रात्री जमिनीवर झोप: किती तास नजरेखाली ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाला काय तपासायचं?' हा प्रश्न. याचं उत्तर अर्ध्या पानात मावतं आणि पुढच्या पावसाळ्यात कामी येतं. नोंद त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशी आपलं मन आपल्याच बाजूने साक्ष देऊ लागतं.

आठवड्याला तीन नोंदी पुरेत. महिनाअखेरीस पानं चाळली की आपण नेमके कुठे अडतो ते दिसतं. माझ्या पहिल्या दोन वह्यांमध्ये सर्वांत जास्त नोंदी नवजात बाळांच्या होत्या. मला वाटत होतं माझं हृदयविकाराचं ज्ञान कच्चं आहे. वहीने वेगळंच सांगितलं, आणि मी शिकायला गेले ते बाळांचं.

उत्तर कुठे शोधायचं

मी सर्वांत आधी आयसीएमआरचे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो उघडते. २०१९ पासून ते निघत आहेत, फुकट आहेत, मोबाईलवर उघडतात. एका आजाराला साधारण एक पान: काय विचारायचं, काय तपासायचं, कुठे थांबून पुढे पाठवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात काय होईल आणि जिल्हा रुग्णालयात काय, हे वेगवेगळं लिहिलेलं असल्यामुळे ते आपल्या कामाचे. नेट जातं म्हणून तापाचे, दम्याचे आणि विषबाधेचे वर्कफ्लो मी छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत.

त्यानंतर राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मार्गदर्शिका: क्षयरोग, मलेरिया, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). मग अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडियाचं जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर. ते सगळ्यांना खुलं आहे आणि त्यातले पेशंट आपल्या ओपीडीतले वाटतात. टेक्स्टबुक त्यानंतर. व्हॉट्सॲपवर फिरणारं पान मी वहीत उतरवत नाही, मग खाली कितीही मोठ्या डॉक्टरचं नाव असो. मूळ मार्गदर्शिका हाती आली तरच उतरवते.

उत्तर एकदा लिहिलं की कायमचं झालं असं मात्र धरू नका. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूला स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली. माझ्या वहीत त्या सप्टेंबरची नोंद आहे: बाई, ४२ वर्षं, आठ दिवस ताप, डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट कमी. शेवटी कपडे सैल करून नीट बघितलं तेव्हा कमरेला, नाडीच्या पट्ट्याखाली, विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली. न दुखणारी, म्हणून तिने सांगितलीच नव्हती. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने दोन दिवसांत ताप उतरला. तेव्हापासून पाच दिवसांवरच्या प्रत्येक तापात मी काख, जांघ, स्तनाखाली, कानामागे आणि कमरेला नाडी बांधतात ती जागा बघते. सोबत सिस्टर असते, पडदा ओढलेला असतो. पुढे २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये भारतातल्याच रुग्णालयांमधला अभ्यास आला: गंभीर स्क्रब टायफसमध्ये शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून देणं हे एकेकट्या औषधापेक्षा चांगलं. माझ्या ओपीडीतल्या साध्या केसला काही बदललं नाही. पण धाप लागलेल्या पेशंटला पाठवताना चिठ्ठीत काय लिहायचं आणि कुठे पाठवायचं, ते बदललं. जुन्या नोंदीपुढे मी लाल पेनाने नवी तारीख घातली.

रेफर केलेला पेशंट हा शिक्षक

पेशंट पुढे गेला की तो आपला उरत नाही, असं आपण वागतो. शिकण्याची सर्वांत मोठी संधी आपण तिथेच घालवतो. माझ्या रेफर चिठ्ठीच्या दोन प्रती निघतात. पेशंटच्या प्रतीवर खाली ठळक लिहिलेलं असतं: 'सुट्टी झाल्यावर कार्डाचा फोटो या नंबरवर पाठवावा.' नातेवाइकांना तोंडीही सांगते, "भाऊ, कार्ड फेकू नका, मले दाखवा." दहातले सहा-सात आणून दाखवतात. माझं निदान आणि त्यांचं निदान शेजारी-शेजारी लिहायचं. फरक पडला तर वॉर्डच्या डॉक्टरांना फोन करायचा, दुपारी चारच्या सुमारास, राउंड आणि ओपीडी आटोपल्यावर. "सर, तुमच्याकडे काल सुट्टी झालेला अमुक वयाचा पेशंट मी पाठवला होता. माझं कुठे चुकलं ते शिकायचं आहे." या वाक्यावर आजवर कोणी फोन ठेवून दिला नाही.

असाच एक पोरगा. 'सांधेवात' म्हणून दोन-तीन दवाखाने फिरलेला. मीही त्याला वर्षभर दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. कार्डावर आलं: सिकलसेल. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये, हा आजार किती आहे ते मला ठाऊक होतं. तरी डोळ्यासमोरच्या पोराला मी तो लावला नाही. आता वारंवार अंग दुखणाऱ्या, रक्त कमी असलेल्या, डोळे पिवळसर दिसणाऱ्या प्रत्येक लेकराची सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी होते. पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं करणारी पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे सरकारी बाजूला याची सोय वाढली आहे. आपण फक्त संशय घ्यायचा आणि पाठवायचं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू झालेल्या लेकरांच्या रक्ततपासण्या मात्र आपल्याकडे होऊ शकतात. त्यासाठी काय बघायचं हेही मी त्या वॉर्डच्या डॉक्टरांकडूनच फोनवर शिकले.

हाताने शिकायच्या गोष्टी

ऐकून काही गोष्टी येत नाहीत. बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं त्यातलं पहिलं. 'मी डिलिव्हरी करत नाही' म्हणू नका. बाई ऑटोत बाळंत होते आणि ऑटो तुमच्या दारात थांबतो. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी, मिनिटाला ४० ते ६०. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं नवजात पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण असतं, त्यात पुतळ्यावर हात बसतो. मी दोनदा केलं आहे, दुसऱ्यांदा माझ्या सिस्टरला घेऊन. तिची फी मी भरली आणि ते पैसे कारणी लागले, कारण रात्री माझ्या आधी तीच दारात असते.

मोठ्यांच्या बीएलएस आणि एसीएलएसचं (हृदय आणि श्वास बंद पडल्यावर काय करायचं त्या प्रशिक्षणांचं) प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं. हात त्याच्या कितीतरी आधी विसरतो. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला आमच्याकडे ट्रे निघतो. अँबू बॅग फुगवून बघायची, ॲड्रेनालिनच्या तारखा बघायच्या, सर्पविषप्रतिबंधक लस मोजायची, आणि सिस्टर, कंपाउंडर, मी असे तिघं मिळून एक प्रसंग खरा धरून करायचा. जुलैत साप, सप्टेंबरात फवारणी, मे महिन्यात उष्माघात.

सापाच्या प्रसंगात आम्ही हे म्हणून दाखवतो: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलि रक्त, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची, गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष धरायचं. गोठलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, नाग-मण्यारात ते गोठतंच. तिथे पापण्या, गिळणं, मान आणि श्वास बघायचा. विषाची लक्षणं असतील तर लसीच्या दहा व्हायल. लेकराला कमी नाही, कारण सापाने लेकराला विष कमी दिलेलं नसतं. टेस्ट डोस नाही. लसीची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी. हे पाठ असूनही पहिल्या वर्षी माझा कंपाउंडर प्लास्टिकची नळी घेऊन आला होता. असल्या गोष्टी सरावातच कळतात.

फवारणीचं तर आपल्या जिल्ह्याने भोगलं आहे. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत माझ्या कपाटात ॲट्रोपिनचे, म्हणजे या विषबाधेवरच्या औषधाचे, दहा ॲम्प्युल होते आणि ते पुरेसे आहेत असं मी समजत होते. हिशेब करून बघा. एक ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचा. मोठ्या माणसाचा पहिला डोस तीन ते पाच ॲम्प्युल. पाच मिनिटांनी छाती मोकळी झाली नसेल तर दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. तीन, सहा, बारा. दहाव्या मिनिटाला माझ्याकडे एकच ॲम्प्युल उरला असता. हा हिशेब मला एका सीएमईतल्या साध्या तक्त्याने शिकवला. आज कपाटात शंभर असतात आणि तो तक्ता भिंतीवर आहे. थांबायचं कधी तेही त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: छाती स्वच्छ, काख कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, बुबुळं टाचणीएवढी राहिलेली नाहीत. आणि सर्वांत वर: आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा, स्वतः हातमोजे घाला.

तालुक्यातली बैठक

माझं निम्मं शिक्षण इथे झालं. आम्ही सहा जण आहोत: दोन एमबीबीएस, तीन बीएएमएस, एक बीएचएमएस. आमच्या गावात बाजाराच्या दिवशी मान वर करायला सवड नसते, दुसऱ्या दिवशी दुपारी ओपीडी ओस पडते. म्हणून महिन्यातून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, तीन ते पाच. वार ठरवण्याआधी आपापल्या गावचा बाजार बघा. रविवारी ठेवलेली आमची पहिली बैठक लग्नांमुळे तीनदा मोडली.

नियम थोडेच. प्रत्येकाने वहीतली एक केस आणायची, आणि ती आपण अडलो तीच. वाहवा मिळवण्याची नाही. कोणी कोणाला 'हे तर साधं होतं' म्हणायचं नाही. एकाने आधी ठरलेल्या विषयावरचा वर्कफ्लो वाचून यायचं. कंपनीचा प्रतिनिधी नाही, त्यांचं जेवण नाही. चहा ज्याच्या घरी त्याचा, हिवाळ्यात सांबारवडी. पॅथीचा वाद कोणी काढत नाही, कारण सापाला आणि सेप्सिसला पॅथी कळत नाही. आपल्या परवान्याबाहेरचं काय आणि पुढे कधी पाठवायचं, हे मात्र प्रत्येक केसला बोललं जातं.

वर्षातून दोनदा बाहेरचं माणूस बोलावतो. आपल्याकडे कॉलेजांची वानवा नाही: सेवाग्रामचं १९६९ पासूनचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, सावंगी, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, आणि नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स. बोलावताना विषय देऊ नका, पाच केस लिहून पाठवा. 'मधुमेहातील नवे प्रवाह' असं सांगितलं तर शंभर स्लाइड येतील. 'ऊसतोडीहून परत आलेला माणूस, साखर ३८०, इन्सुलिनला फ्रीज नाही' असं पाठवलं तर डॉक्टर स्वतः विचार करून येतात. मडक्यात, ओल्या फडक्याच्या गारव्यात इन्सुलिन कसं ठेवायचं यावर आमची पाऊण तास चर्चा झाली होती.

एका वर्षी मी याच्या उलट केलं. एका मेडिकल कॉलेजच्या विभागप्रमुखांना पत्र लिहून चार दिवस सकाळच्या राउंडला मागे उभी राहिले. दवाखाना त्या दिवसांत बैठकीतल्या बीएएमएस ताईंनी बघितला. त्यांच्या वेळी मी त्यांचा बघितला. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला बाहेर पडता येत नाही ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर मला एवढाच एक उपाय सापडला: भरवशाचा शेजारी डॉक्टर.

मोठ्या सीएमईला जाताना

आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) शाखा आणि स्पेशालिस्टांच्या संघटना वर्षभर काही ना काही घेतात. कार्यक्रम हाती आला की वहीतले तीन प्रश्न काढा. ज्या भाषणात त्यांतला एकही बसत नाही त्याला बसून राहू नका, त्या वेळात बाहेर चहाच्या टेबलावर वक्त्याला गाठा. विचारताना परिस्थिती सांगा: "सर, रात्रीचे दोन, छातीत दुखणारा पेशंट. ईसीजी आहे, ट्रोपोनिनची रक्ततपासणी नाही. १०८ यायला आणि पोहोचायला मिळून दीड-दोन तास. मी काय देऊन पाठवू?" असं विचारलं की उत्तर खेड्याला लागू पडणारं येतं.

पैसे कोण भरतं ते बघा. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायचा नाही, हे आचारसंहितेत २००९ च्या डिसेंबरपासून आहे. कंपन्यांसाठीची संहिता २०२४ च्या मार्चमध्ये नव्याने आली. नियम सोडून दिला तरी माझा अनुभव ऐका: फुकटच्या हॉटेलातून परतल्यावर पुढचे दोन महिने माझ्या चिठ्ठीवर एका ब्रँडचं नाव वाढलेलं होतं. हे मला मेडिकलवाल्या भाऊंनी दाखवलं. तेव्हापासून नोंदणी फी माझी, तिकीट माझं.

लांब पल्ल्याचं काही करायचं असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा फॅमिली मेडिसिनचा दोन वर्षांचा डिप्लोमा दवाखाना चालवत करता येतो. त्यांचा सगळा भर पेशंट पुढे ढकलण्याऐवजी आपल्या पातळीवर सोडवण्यावर असतो. मधुमेहासाठी पब्लिक हेल्थ फाउंडेशनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. आणि एक मी आग्रहाने सांगेन: मानसिक आरोग्य. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डिजिटल अकॅडमीत डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम असतात. आपल्या भागात 'झोप नाही, अंगात कस नाही' म्हणत येणाऱ्या शेतकऱ्याला मी बी-कॉम्प्लेक्स देत होते. आता बाकी सगळे बाहेर गेल्यावर विचारते, "भाऊ, जगू नाई असं मनात येऊन रायलं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही माझी भीती खोटी होती, हे मला प्रशिक्षणातच कळलं. पहिल्या ज्या माणसाला विचारलं तो दोन मिनिटं रडला आणि मग बोलला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पॉइंटचं काय

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी सीएमईचे ३० क्रेडिट पॉइंट. म्हणजे वर्षाला सहा. वर्षातून दोन-तीन चांगल्या सीएमई केल्या तर ते होतात. बीएएमएस, बीएचएमएस मित्रांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत, त्यांनी आपापले नियम बघावेत. फी भरण्याआधी कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का, किती पॉइंटची, हे आयोजकांना विचारा. वेबिनार असेल तर दोनदा विचारा. प्रमाणपत्रावर नाव नोंदणीतलंच हवं. माझ्या दोन प्रमाणपत्रांवर माहेरचं आडनाव छापलं गेलं आणि दुरुस्तीला तीन महिने गेले. नोंदणी क्रमांक, तारीख, मान्यता क्रमांक, पॉइंट हे चारही तिथेच उभ्याने तपासा. घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो काढून ईमेलवर टाका, कागद फोल्डरमध्ये. पाचव्या वर्षाच्या मार्चमध्ये पॉइंट शोधत नागपूरला धावणारे डॉक्टर मी बघितले आहेत. तेव्हा जे मिळेल त्याला बसावं लागतं.

आमच्या तालुक्यातल्या बैठकीला पॉइंट मिळत नाहीत. ती गेली अकरा वर्षं चालू आहे. येत्या बैठकीला मी सोमवारची नोंद नेणार आहे: पुरुष, ५५, कापूस वेचून आल्यावर उजव्या हाताला मुंग्या, अर्ध्या तासात आपोआप बऱ्या, रक्तदाब १७०. मी त्याला त्याच दिवशी पाठवायला हवं होतं का, याची जागा वहीत अजून रिकामी आहे.